विषय : भाच्याचे लग्न

माझ्या शिफारशीनं नोकरीभरात कुणाचं भलं झाल्याची नोंद नाही.

नोंदी ठेवणं हाच माझा धंदा होता, म्हणून हे मी खात्रीनं सांगू शकतो. तळेगावच्या एका सरकारी कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर मी एकतीस वर्षं काढली. कुणाची बदली, कुणाची बढती, कोण किती दिवस न सांगता गैरहजर, सगळं माझ्या हातून जायचं. सही साहेबांची असायची, पण साहेबांनी कशावर सही करायची ते मी लिहायचो. 'सदर कर्मचारी मेहनती, प्रामाणिक व मनमिळाऊ असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे.' हे वाक्य मी झोपेत लिहू शकत असे. (एकदा लिहिलंही होतं, दुपारी तीनच्या सुमारास. ज्याच्याबद्दल लिहिलं तो दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाला होता.)

निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायको लोणावळ्याच्या आमच्या घरीच राहिलो आणि नातेवाइकांना एक फुकटचा कारकून मिळाला. अर्ज असो, तक्रार असो, सोसायटीची नोटीस असो, सगळे माझ्याकडे येतात. पुतणीच्या मुलाच्या बारशाचं निमंत्रणही मीच लिहून दिलं होतं. त्यात 'उपरोक्त बालकाचे' असे शब्द आल्यामुळे आमच्या सुलभानं, म्हणजे बायकोनं, मंगलकार्यात माझ्या लेखणीला बंदी घातली. ती बंदी उठली नवनाथमुळे.

नवनाथ हा माझ्या आक्काचा मुलगा. मळवली स्टेशनापासून पायी वीस मिनिटांवर त्यांचं गाव. घरची भातशेती आहे, शिवाय मुंबईकरांचे तीन बंगले तो सांभाळतो. वय चौतीस, आणि लग्न जमत नव्हतं. मुलगा काय करतो या प्रश्नाला 'शेती' असं उत्तर दिलं की समोरची माणसं पोह्यांची बशी खाली ठेवायची. काही जण चहासुद्धा अर्धाच सोडून उठायचे. आक्कानं त्या अर्ध्या कपांचा इतका धसका घेतला होता की शेवटी शेवटी ती पाहुण्यांना चहा आधीच अर्धा कप द्यायला लागली होती.

अशात राजगुरुनगरकडचं एक स्थळ आलं. मुलगी मनीषा, तळेगावला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिनं नवनाथशी एका हॉटेलात तासभर बोलून घरी सांगितलं, "मला चालेल." आक्का देवापुढे नारळ ठेवायला निघाली, तेवढ्यात मुलीच्या वडिलांचा, वसंतरावांचा, फोन आला. त्यांनी पत्रिका मागितली नाही, जमीन किती ते विचारलं नाही. त्यांना एक पत्र हवं होतं.

"कसलं पत्र?" मी आक्काला विचारलं. ती आमच्या सोफ्याच्या कडेवर बसली होती. नवनाथनंच तिला गाडीवरून आणून सोडलं होतं.

"पोराला वळकतो, पन त्याच्या घरात न्हाई ऱ्हात, आसा येक जबाबदार मानूस पायजे. त्यानं पोरगा कसा हाय ते लिवून द्यायचं. खाली सही."

"म्हणजे शिफारसपत्र."

"आसंल त्ये. त्यांची थोरली पोरगी म्हायेरी येऊन बसलीया रं. लग्नाआदी समदे तोंडानं म्हनले, पोरगा लय चांगला. मागनं बाप इचाराया गेला, तर येकजन बी म्हनंना की मी आसं बोललो व्हतो. म्हनून आता म्हनत्यात, कागुद द्या."

मग सुलभा म्हणाली, "हुंडा नाही, मानपान नाही, एक कागद मागतोय बिचारा. द्या लिहून. यांचं आयुष्यच त्यात गेलंय." माझ्यावरची बंदी अशी एका वाक्यात उठली.

जेवणाच्या टेबलावर समिती बसली. मी मध्ये, आक्का डावीकडे, सुलभा उजवीकडे, आणि पुण्याहून आमचा केदार फोनच्या स्पीकरवर.

"लिव, लय गुनी हाय," आक्का म्हणाली.

"लिहिलं."

"निर्व्यसनी."

"लिहिलं."

"त्ये वर घे. ठळक लिव."

"बाबा, बंगले सांभाळतो असं लिहू नका," केदार म्हणाला. "हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंट लिहा."

"आरं, त्यो तर गवत काडतो, पान्याची टाकी धुतो."

"आत्या, त्यालाच म्हणतात."

"आणि जरा जिव्हाळ्यानं लिहा," सुलभा म्हणाली. "मामाचं प्रेम दिसलं पाहिजे."

मी लिहिलं : 'सदर व्यक्तीविषयी निम्नस्वाक्षरीकारास आपुलकी आहे.'

हे सगळं चाललं होतं तेव्हा नवनाथ आमच्या बाथरूममधला गळका नळ दुरुस्त करत होता. त्याला काही विचारावं असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

पक्कं पत्र मात्र मी एकट्यानं लिहिलं. तिथे मी कुणाची लुडबुड चालू देत नाही. हातात पेन आलं आणि एकतीस वर्षांचं वळण आपोआप कामाला लागलं. 'विषय : श्री. नवनाथ यांच्या विवाहाबाबत शिफारस. संदर्भ : आपला दूरध्वनी. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर व्यक्ती मेहनती, प्रामाणिक, निर्व्यसनी, होतकरू व मनमिळाऊ असून आतिथ्य व्यवस्थापन क्षेत्रात कार्यरत आहे. त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे. त्यांना आपल्याकडे पाठविण्यास आमची कोणतीही हरकत नाही. सोबत : आधार कार्डाची प्रत व सातबारा उतारा. प्रत माहितीसाठी : आक्का.'

पत्र रजिस्टर पोस्टानं गेलं आणि त्याचा फोटो फोनवरही गेला. मी इतका खूश होतो की संध्याकाळी स्वतःहून चिक्की घेऊन आलो. (लोणावळ्यात राहणारी माणसं चिक्की विकत घेत नाहीत. आनंद केवढा होता ते यावरून समजावं.)

चौथ्या दिवशी सुलभाला माझ्याकडची स्थळप्रत, म्हणजे पत्राची ठेवलेली नक्कल, सापडली. तिनं ती उभ्यानं वाचली आणि मग खाली बसली.

"अहो, त्यांना आपल्याकडे पाठविण्यास हरकत नाही म्हणजे काय? नवरामुलगा आहे तो. बदलीवर चाललाय का?"

"तशी पद्धत असते."

"आणि समाधानकारक? इतकं सगळं करून समाधानकारक?"

"त्याच्या वर 'अत्युत्कृष्ट' असतं. पण ते दिलं तर सविस्तर कारणं जोडावी लागतात."

ती काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. वसंतरावच होते. आवाज शांत, एकेक शब्द सुटा.

"पत्र मिळालं. आपण आस्थापनेला होतात का?"

"हो," मी खुललो. "एकतीस वर्षं. तुम्ही कसं ओळखलंत?"

"मी चौतीस. मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. म्हणजे आपण दोघांनी तरी एकमेकांना फसवू नये."

ते पुढे काय म्हणणार ते मला तत्क्षणी कळलं. हे गुपित बाहेरच्यांना ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. कचेरीत चांगल्या माणसाची शिफारस कुणी भरभरून लिहीत नाही, कारण तो माणूस आपल्यालाच हवा असतो. भरभरून शिफारस लिहिली जाते ती नकोशा माणसाची, म्हणजे दुसरी कचेरी त्याला आनंदानं उचलते. ज्याला घालवायचं त्याला पाच विशेषणं, हा आमचा अलिखित नियम होता. आणि मी नवनाथला मोजून पाच दिली होती.

"असं पत्र मी एकदाच लिहिलं होतं," वसंतराव म्हणाले. "त्या माणसाची बदली झाली तेव्हा ऑफिसनं सत्यनारायण घातला."

"अहो, पण नवनाथ खरंच चांगला आहे."

"असेल. पण तुमच्या पत्रात असं एकही वाक्य नाही, जे खोटं निघालं तर मी उद्या तुमच्या दारात येऊन विचारू शकेन. मेहनती नाही निघाला, तर तुम्ही म्हणाल, आमच्याकडे होता. मोठीच्या वेळी मला असलीच वाक्यं मिळाली होती, फक्त तोंडी. तेव्हा आपण थांबू या."

फोन ठेवल्यावर मी सुलभाच्या हातातल्या स्थळप्रतीकडे पाहत राहिलो. सुलभानं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "नामंजूर." दुसरा शब्दच सुचला नाही. हे सांगतानाही लाज वाटते.

आक्काचा फोन तासाभरात आला.

"तू काय लिवलंस?"

"चांगलंच लिहिलं होतं गं."

"चांगलं लिवलंस तर त्यांनी न्हाई का म्हनावं? आरं, पोरीला पोरगा पसंत हाय, पोराला पोरगी पसंत हाय. आन मधी तुजा कागुद आडवा आला." ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी नवनाथ बाजारासाठी लोणावळ्यात आला तसा घरी आला. घरच्या वालाच्या शेंगा ओट्यावर ठेवल्या, पाणी प्यायला. ते पत्र त्याच्या फोनवर होतं.

"मनीषानं पाटवलं. ती हासत व्हती. तिचा बा न्हाई हासला."

"चुकलंच माझं."

"चुकलं आसं न्हाई. पन मामा, येक इचारू? ह्या कागदातनं माजं नाव काडलं, तर त्यात माजं काय ऱ्हातंय?"

तो रागावला नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. चौतीस वर्षं हा मुलगा माझ्यासमोर आहे. माझ्या घरचे नळ, पंखे, गॅसची शेगडी, सगळं त्यानं दुरुस्त केलंय. आणि तो दिवसभर काय करतो, कशानं चिडतो, कशाला घाबरतो, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. कचेरीतल्या माणसांच्या निदान फायली तरी मी वाचल्या होत्या.

"मला एक दिवस तुझ्याबरोबर राहू दे," मी म्हणालो.

"या की. पन सकाळी लवकर या. आन भाकर खाल्ल्याबिगर माज्याशी बोलू नगा."

वसंतरावांना मी फोन करून सुधारित पत्राची परवानगी मागितली. ते म्हणाले, "पाठवा. स्मरणपत्र मात्र माझ्याकडून येणार नाही."

रविवारी सकाळच्या लोकलनं मी मळवलीला उतरलो. भात काढून झाला होता, वाटेवर ठिकठिकाणी पेंढा पडला होता. आक्काच्या घरी पोचलो तर आक्का ओट्यावर बसली होती आणि तिच्या मागे नवनाथ कंगवा घेऊन. तो तिची वेणी घालत होता. चौतीस वर्षांचा, मिशीवाला माणूस, तोंडात रबरबँड धरून!

मी तिथेच उभा राहिलो. आक्काचा उजवा खांदा दीड वर्षापासून वर जात नाही. हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे खांदा दुखतो एवढं ठाऊक होतं, पण खांदा दुखला की वेणी कोण घालतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. मी फोनवर दर वेळी 'शेक घे' असं सांगून मोकळा व्हायचो.

"वाकडी झाली का रं?" आक्कानं मलाच विचारलं.

"थोडी."

"ऱ्हाऊ दे. मागनं मला कुटं दिसतीया."

मला तिथेच भरून आलं. पण मी कामावर होतो, म्हणून वही काढली आणि लिहिलं. मग नवनाथशी बोलायला गेलो, तर त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा वही काढून दुसरी नोंद केली : 'भाकरी खाण्यापूर्वी बोलत नाही. बोलल्यास चिडतो.'

भाकरीनंतर माणूस बदलला. आम्ही पहिल्या बंगल्यावर निघालो. दहा मिनिटांचा रस्ता, पण त्याला दीड तास लागला. एका म्हातारीचा सिलिंडर आत ठेवून द्यायचा होता, एकाची मोटार सुरू होत नव्हती, एकाचं रेडकू सुटलं होतं. कुणीही हाक मारली की हा थांबायचा. बंगल्याच्या मालकाचे सात फोन येऊन गेले. एकही त्यानं घेतला नाही, कारण फोन गाडीच्या डिकीत होता.

"अरे, नाही म्हणायला शीक की."

"म्हनतो की. पन आदी काम करून मंग म्हनतो." मी तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या बंगल्यावर फाटकापाशी एक मोठी गाडी उभी होती. गाडीतले गृहस्थ मालकाचे मित्र होते, पण मालकाचा निरोप नव्हता आणि आता मालकाचा फोन लागत नव्हता.

"अरे, मी त्याचा शाळेपासूनचा मित्र आहे. कुलूप काढ."

"आसाल की सायब. पन त्यांचा फोन आल्याबिगर न्हाई काडता येनार."

"तुला कामावरून काढायला सांगेन."

"सांगा की. पन त्यालाबी त्यांचाच फोन यावा लागंल."

माझी तर पाचावर धारण बसली. हे काम गेलं तर पत्रात लिहायला एक बंगला कमी होणार होता. नवनाथनं शेजारच्या घरातून चार खुर्च्या आणल्या, झाडाखाली मांडल्या, पाण्याची कळशी आणून ठेवली, आणि स्वतः कुंपणाची तार ओढत बसला. पाऊण तासानं मालकाचा फोन आला. मग यानं कुलूप काढलं आणि त्याच गृहस्थांच्या बॅगा स्वतः उचलून आत नेल्या. चेहऱ्यावर रागही नाही आणि जिंकल्याचा भावही नाही. मी असतो तर निदान एक टोमणा मारला असता.

तिथल्याच स्वयंपाकघराच्या दाराआड एक वही टांगलेली होती. बंगल्यात काय फुटलं, काय बिघडलं त्याची. मी सवयीनं चाळली. 'कप दोन, पाहुणे. बादलीची कडी, पाहुणे. निळी फुलदाणी, मी.'

"ही तू फोडलीस?"

"पुसताना सटाकली."

"मालकाला कळलं असतं?"

"न्हाई. धा फुलदान्या हायेत हितं."

"मग?"

"मंग धाच्या नऊ झाल्या न्हवं."

हे त्यानं इतकं साधेपणानं सांगितलं की मला माझी एकतीस वर्षं आठवली. माझ्या चुकीनं एका शिपायाची वेतनवाढ सहा महिने अडकली होती. मी टिप्पणीत लिहिलं होतं, 'तांत्रिक कारणास्तव विलंब'. ते तांत्रिक कारण म्हणजे मी, हे आजवर कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी परतीच्या लोकलमध्ये तो शिपाई सारखा माझ्या डोळ्यांसमोर येत होता.

सुधारित पत्राला चार दिवस लागले. 'सदर' न वापरता वाक्य सुरू कसं करायचं हेच मला येईना. सुलभा लाल पेन घेऊन शेजारी बसायची आणि विशेषण दिसलं की काट मारायची. "प्रामाणिक आहे हे तुम्ही नका ठरवू," ती म्हणाली. "फुलदाणीचं लिहा. ठरवतील त्यांचं ते." पहिल्या दिवशी तिनं इतकं खोडलं की कागदावर नवनाथचं नाव आणि दोन स्वल्पविराम उरले. पण हळूहळू मला कळायला लागलं. शिफारस करणाऱ्यानं डोळ्यांनी जे पाहिलं ते सांगावं आणि त्याखाली उभं राहावं. मी इतकी वर्षं सहीच्या आड उभा राहत आलो होतो, तेही दुसऱ्याच्या.

या वेळी पाठवण्याआधी मी ते नवनाथला वाचून दाखवलं. वेणीचा परिच्छेद आला तसा त्यानं हात वर केला.

"मामा, त्येवडं काडा."

"का रे? पत्रात त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. तेवढ्यावर लग्न ठरेल तुझं."

"आयेला आवडायचं न्हाई. तिचा खांदा गेलाय ह्ये लोकान्ला कळावं आसं तिला वाटत न्हाई. काडा."

"हे काढल्यामुळे लग्न मोडलं तर?"

"मोडू द्या," तो म्हणाला. पण बोलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मनीषाचा फोन येतो तेव्हा तो अंगणात जाऊन बोलतो, हे मी त्या दिवशी पाहिलं होतं. त्यामुळे 'मोडू द्या' म्हणायला त्याला काय पडलं असेल ते मला समजलं. मी तो परिच्छेद काढला.

"आन म्या घोरतो त्ये न्हाई लिवलं तुमी."

"मी पाहिलेलं नाही ते मी लिहीत नाही," मी ताठ मानेनं म्हणालो. (हे तत्त्व तेव्हा जेमतेम चार दिवसांचं होतं.)

शेवटी पत्र एक पानाचं झालं. भुकेला असताना चिडतो. दहा मिनिटांच्या कामाला दीड तास लावतो, कारण वाटेत कुणालाही नाही म्हणत नाही. फोन उचलत नाही. फाटकावरचा प्रसंग, वहीतली फुलदाणी. आणि शेवटी : 'आणखी एक गोष्ट मी पाहिली. ती लिहायला त्यानं मला मनाई केली आहे. ती वाईट नाही. वर लिहिलेल्यापैकी काहीही खोटं निघालं, तर माझ्या घरी येऊन मला विचारा. मी घरीच असतो.' खाली पत्ता आणि सही. प्रत कुणालाही नाही.

आठवडा गेला, उत्तर नाही. आक्का फोन करायची, 'काय कळलं का?' एवढंच विचारायची आणि ठेवून द्यायची. नवव्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. बाहेर पांढरा सदरा घातलेले, काखेत प्लास्टिकची फाईल धरलेले एक उंच गृहस्थ होते. त्यांनी आधी दारावरची पाटी वाचली, मग हातातल्या कागदावरचा पत्ता.

"पत्ता बरोबर आहे," वसंतराव म्हणाले. "माणूसही घरीच आहे. आत येऊ का?"

चहा झाला. त्यांनी तो पूर्ण संपवला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पत्रावर समासात पेन्सिलीनं बारीक खुणा केलेल्या होत्या. शेवटच्या परिच्छेदाजवळ खूण नव्हती, नुसतं बोट ठेवून ते बसले होते.

"ती न लिहिलेली गोष्ट मी विचारणार नाही," ते म्हणाले. "चौतीस वर्षांत रिकामी जागा सोडलेलं शिफारसपत्र मी पहिल्यांदा पाहिलं. मोठीच्या वेळी सगळ्या जागा भरलेल्या होत्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला. सुलभा पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली. मला काहीतरी बोलायला हवं होतं, पण माझ्याकडे फक्त कार्यालयीन शब्द होते, म्हणून मी त्यांचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"तारीख काढू या," वसंतराव म्हणाले.

लग्न लागलं. आक्कानं पाहुण्यांना पूर्ण कप चहा दिला, दोनदा. मनीषा आता लॅबमधून मळवलीला येते आणि अधूनमधून मला फोन करून घोरण्याबद्दल जाब विचारते. मी सांगतो की ती बाब माझ्या पाहणीच्या कक्षेबाहेर होती.

एका दुपारी सुलभा ते दुसरं पत्र पुन्हा वाचत बसली होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "माझ्या बाबांना तुमच्याबद्दल असं कुणी लिहून दिलं असतं तर?"

"तर काय, नाही म्हणाले असते?"

"हो म्हणाले असते. पण मला आधी कळलं तरी असतं."

"मग आता तू लिही," मी म्हणालो. "विशेषणं नकोत. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. चांगलं, वाईट, दोन्ही."

तिनं खरोखरच कागद घेतला, पेन घेतलं, जेवणाच्या टेबलावर बसली. मी पेपर समोर धरून तिच्याकडे बघत होतो. आयुष्यात इतका वेळ एखाद्या कागदाकडे मी आशेनं पाहिलेलं नाही. अर्ध्या तासानं मला राहवेना. मागून जाऊन पाहिलं, तर वर तारीख, त्याखाली 'विषय : आमचे हे', आणि बाकी कागद कोरा.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"माहिती गोळा करणं चालू आहे," ती म्हणाली. "छत्तीसच वर्षं झालीत."

हे उत्तर मी एकतीस वर्षं लोकांना टेबलापलीकडून देत आलो. टेबलाच्या अलीकडे उभं राहून ते ऐकताना कसं वाटतं, ते आत्ता कळलं.